डीव्हीडी बनवताना कन्व्हर्जन अडतंय? आधी कुठे अडतंय ते शोधा

सोलापुरात डीव्हीडी मागणारी माणसं आजही आहेत. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत टीव्हीखालच्या शोकेसमध्ये प्लेअर अजून जागेवर असतो. आजोबांना मोबाइलवर काही दिसत नाही आणि पेनड्राइव्ह लावून फाइल शोधणं आजींना जमत नाही. रिमोटचं एक बटण दाबलं की नातीचं लग्न सुरू झालं पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं शूटिंग करणारी मंडळं, भजनी मंडळं, शाळांची स्नेहसंमेलनं यांच्याकडूनही मागणी येते. मग घरातल्या ज्याला कॉम्प्युटर कळतो त्याच्या गळ्यात हे काम पडतं.

सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकून स्टार्ट दाबलं, कन्व्हर्जन निम्म्यावर आलं आणि एरर आली, असं झालं की नवा माणूस हमखास एकच गोष्ट करतो: चार सेटिंग एकदम बदलून पुन्हा स्टार्ट दाबतो. त्याने काहीच कळत नाही. एकदा चाललंच, तरी कशामुळे चाललं ते समजत नाही आणि पुढच्या फाइलला गाडी पुन्हा तिथेच येते. म्हणून हा लेख सेटिंगच्या यादीपासून सुरू होत नाही. काम नेमक्या कोणत्या टप्प्यावर अडलंय ते ओळखायला शिका. ते कळलं की उपाय बहुतेक वेळा पाच मिनिटांचा असतो.

टप्पे चार आहेत

तुम्ही एकच बटण दाबता, पण आत चार वेगवेगळी कामं एकामागून एक होतात. मूळ फाइल उघडून वाचली जाते. मग तिचं एमपेग-२ मध्ये एन्कोडिंग होतं, म्हणजे डीव्हीडी प्लेअरला समजणाऱ्या साच्यात ती बदलली जाते. तिसऱ्या टप्प्यात ऑथरिंग होतं, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र बांधून मेनू, चॅप्टर आणि व्हिडिओ-टीएस नावाचा फोल्डर तयार होतो. शेवटी ते सगळं डिस्कवर राइट होतं. प्रत्येक टप्प्याची दुखणी वेगळी असतात. राइट करताना आलेल्या एररवर बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा वापरायचा ते माप) कमी करून फायदा नाही, आणि मूळ फाइलच अर्धवट असेल तर नवी डिस्क आणून उपयोग नाही.

हे सगळं करायला डीव्हीडीस्टाइलर हे मोफत सॉफ्टवेअर नवशिक्यासाठी चांगलं आहे. एन्कोडिंगला ते आतून एफएफएमपेग वापरतं आणि ऑथरिंगला डीव्हीडीऑथर. विंडोज ७ मध्ये विंडोज डीव्हीडी मेकर यायचा. विंडोज ८ पासून तो काढून टाकला, त्यामुळे तो शोधत बसू नका. सोबत आणखी तीन मोफत सॉफ्टवेअर घ्या: फाइलची तपासणी करायला मीडियाइन्फो, फाइल सरळ करून घ्यायला हँडब्रेक आणि राइट करायला इमगबर्न. हँडब्रेक थेट डीव्हीडी बनवत नाही, एवढं लक्षात ठेवा. त्याचा उपयोग मधल्या पायरीला आहे, तो पुढे येईल.

प्लेअरला काय समजतं

डीव्हीडी-व्हिडिओ बाजारात आली १९९६ साली. आज मोबाइल ज्या पद्धतीने शूटिंग करतो त्यातलं एच.२६४ आलं २००३ मध्ये आणि एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, आलं २०१३ मध्ये. डीव्हीडीच्या नियमांत या दोघांना जागाच नाही. तुमची फाइल कितीही स्वच्छ असली तरी ती बदलावीच लागते, आणि अगदी ठरलेल्या मापात बदलावी लागते.

आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत चालते. चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आकार ४:३ किंवा १६:९. व्हिडिओचा बिटरेट जास्तीत जास्त ९.८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), आवाजासकट सगळं मिळून १०.०८ च्या वर जाता येत नाही. आवाज ४८ किलोहर्ट्झलाच हवा. गाण्यांच्या फाइल ४४.१ ला असतात, त्या तशाच घुसवल्या की ऑथरिंगला अडतं. आवाजाचा प्रकार एसी३ ठेवा, सगळे प्लेअर तो वाजवतात. दर पंधरा फ्रेममध्ये एक पूर्ण फ्रेम यावी लागते. हे शेवटचं काम सॉफ्टवेअर स्वतः करतं, पण दुसरीकडून तयार एमपेग-२ फाइल आणून टाकली असेल तर गडबड बऱ्याचदा इथेच असते.

डीव्हीडीस्टाइलरमध्ये नवा प्रोजेक्ट उघडतानाच पाल, १६:९ आणि एसी३ निवडून टाका. डिस्कचं माप ४.७ जीबी ठेवा. अर्ध्या वाटेवर पालचं एनटीएससी (अमेरिकेतली टीव्हीची पद्धत) केलं की मेनूचं माप बिघडतं, म्हणून हे पहिल्यांदाच करायचं.

सुरुवात करण्याआधीची साफसफाई

या भागाकडे कोणी लक्ष देत नाही, आणि नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

फाइल थेट मोबाइल, मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्हवरून घेऊ नका. आधी हार्ड डिस्कवर कॉपी करा. केबल किंचित हलली तरी एन्कोडर तिथेच मान टाकतो. डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असेल तर फाइल दिसते डेस्कटॉपवर, पण असते इंटरनेटवर. ती आधी पूर्ण उतरवून घ्या.

कामासाठी डी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करा आणि त्याचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता ठेवा. फाइलचं नावही तसंच. आपण हौसेने फोल्डरला 'ताईचं लग्न – हळद & संगीत' असं नाव देतो. ते वाचायला छान आहे, पण जुन्या बांधणीच्या सॉफ्टवेअरला देवनागरी अक्षरं आणि ते 'आणि'चं चिन्ह, दोन्ही पचत नाहीत. एरर मात्र भलतीच येते: फाइल सापडत नाही. फाइल समोर दिसत असते आणि सॉफ्टवेअर म्हणतं नाही. इथे एक छुपी जागा आहे. विंडोजमध्ये तुमचं युजरनेमच मराठीत असेल तर तात्पुरत्या फाइल साठवायचा फोल्डरही त्याच नावाखाली तयार होतो. फाइलचं नाव कितीही बदललं तरी एरर जात नसेल तर हे तपासा. डीव्हीडीस्टाइलरमध्ये बर्नच्या खिडकीत टेम्प फोल्डर बदलता येतो. तो डी ड्राइव्हवरच्या त्या साध्या नावाच्या फोल्डरकडे वळवा.

जागा मोजून घ्या. एका पूर्ण डिस्कसाठी एन्कोड झालेली फाइल, व्हिडिओ-टीएस फोल्डर आणि आयएसओ (सगळी डिस्क एकाच फाइलमध्ये) अशा तीन प्रती एकाच वेळी हार्ड डिस्कवर असू शकतात. प्रत्येक सव्वाचार जीबीच्या आसपास. म्हणजे जवळपास १३ जीबी झाले; हात मोकळा राहावा म्हणून २० जीबी रिकामे ठेवा. लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कामाच्या नोंदीत, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' दिसलं तर दुसरं कारण शोधू नका. बाहेरची हार्ड डिस्क वापरत असाल तर ती फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे का बघा. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, त्यामुळे जागा शंभर जीबी मोकळी असली तरी आयएसओ बनवताना काम बंद पडतं.

'परमिशन डिनाइड' आलं तर विंडोज सिक्युरिटीमधलं कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस चालू असण्याची शक्यता मोठी. ते डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉपवर अनोळखी सॉफ्टवेअरला लिहू देत नाही. डी ड्राइव्हवर फोल्डर करायला सांगितलं त्याचं हेही एक कारण.

आणि कॉम्प्युटर झोपी जायचं सेटिंग बंद करा. दोन-तीन तासांच्या कामात लॅपटॉप मधेच स्लीपला गेला की सकाळी उठून अर्धवट फाइल हातात येते.

सगळ्यात उपयोगी प्रश्न: दर वेळी एकाच जागी थांबतं का?

काम अडलं की काहीही न बदलता तेच काम आणखी एकदा चालवा. वेळ वाया जातोय असं वाटेल, पण या एका चाचणीने जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशानेच कळत नाही.

दोन्ही वेळा नेमक्या त्याच जागी, समजा ३८ व्या मिनिटाला, थांबलं तर दोष फाइलमध्ये आहे. त्या जागी फाइल खराब आहे, किंवा तिथे असं काही दृश्य आहे जे एन्कोडरच्या मर्यादेत बसत नाही.

एकदा ३८ व्या मिनिटाला, एकदा ५२ व्या, एकदा अकराव्याच मिनिटाला असं वेगवेगळ्या जागी थांबलं तर फाइल निर्दोष आहे. दोष मशीनमध्ये आहे: उष्णता, रॅम, वीज किंवा हार्ड डिस्क. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि एन्कोडिंग म्हणजे प्रोसेसरला तासन् तास पूर्ण ताकदीने राबवणं. पत्र्याच्या खोलीत, उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपवर दुपारी दोन वाजता हे काम लावलं तर मशीन आपोआप मंदावणार किंवा बंद पडणार. काम रात्री लावा, लॅपटॉप कडक सपाट जागेवर, मागून थोडा उचलून ठेवा. पंख्याच्या जाळीत अडकलेली धूळ काढा. यंत्रमागाच्या कारखान्याजवळ घर असेल तर सुताची बारीक तूसही तिथे जाऊन बसते आणि हवा जायला वाटच उरत नाही. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय लांबचं काम लावू नका. लाइट क्षणभर गेली तरी सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आणि पहिल्याच सेकंदाला थांबत असेल, तर एन्कोडिंग सुरूच झालेलं नाही. नाव, जागा, परवानगी किंवा न उघडणारी फाइल यांतलंच काहीतरी आहे.

लॉग वाचायची सवय लावा. बर्नच्या खिडकीत तपशील उघडला की इंग्रजी ओळी पळताना दिसतात. सगळ्यात शेवटची ओळ फक्त 'फेल्ड' म्हणते, तिचा उपयोग नाही. तिथून वर जा आणि 'एरर' शब्द असलेली सगळ्यात पहिली ओळ शोधा. खरं कारण तिथे असतं. खालच्या सगळ्या एरर त्या पहिल्या एररमुळे आलेल्या असतात. ती ओळ कॉपी करून ठेवा, मदत मागायची वेळ आली तर फोटोपेक्षा ती ओळ कामाला येते.

मूळ फाइलची दुखणी

फाइल मीडियाइन्फोमध्ये उघडा. व्हिडिओचा प्रकार, फ्रेमरेट, तो स्थिर आहे की बदलता, आणि ऑडिओ आहे का, एवढ्या चार गोष्टी बघा.

'मूव्ह ॲटम नॉट फाउंड' अशी ओळ लॉगमध्ये आली तर रेकॉर्डिंग नीट बंद झालेलं नाही. बॅटरी संपली, कार्ड उपटलं, मोबाइल हँग झाला. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुतेक कॅमेरे शेवटी लिहितात; ती लिहायच्या आतच सगळं बंद पडलं. चित्र आत असतं, पण ते कसं वाचायचं याची माहिती नसते. अशी फाइल वाचवायला अनट्रंक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याला त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगला काढलेली एक चांगली फाइल सोबत द्यावी लागते. म्हणून खराब फाइल मिळाली की शूटिंगवाल्याकडून त्या दिवसाची दुसरी एक चालू फाइलही मागून घ्या, आणि मूळ खराब फाइल कुठल्याही परिस्थितीत डिलीट करू नका.

फाइल मधेच एका जागी खराब असेल तर हँडब्रेकमधून ती एकदा काढून बघा. पुष्कळदा तो खराब तुकडा ओलांडून पुढे जातो आणि नवी स्वच्छ फाइल देतो. तेही झालं नाही तर त्या जागेच्या दोन सेकंद आधी आणि दोन सेकंद नंतर अशी फाइल कापून दोन तुकडे घ्या. वरातीतले चार सेकंद गेले तर चालतात, सगळी वरात अडकून राहणं चालत नाही.

ड्रोनच्या फाइलकडे विशेष लक्ष द्या. हल्ली लग्नात ड्रोन असतोच, आणि ड्रोनच्या व्हिडिओत सहसा आवाजाचा ट्रॅकच नसतो. डीव्हीडीत एका टायटलसेटमधल्या, म्हणजे एकत्र बांधलेल्या गटातल्या, सगळ्या व्हिडिओंना ऑडिओ सारखाच असावा लागतो. दहा फाइलना आवाज आहे आणि अकरावीला नाही, की एन्कोडिंग छान पार पडतं आणि ऑथरिंगला अडतं, किंवा डिस्क तयार होते पण ड्रोनच्या दृश्यानंतर आवाज परतच येत नाही. त्या फाइलला एडिटरमध्ये एखादी सनईची धून किंवा निव्वळ शांत ट्रॅक लावून घ्या.

व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ शक्यतो घेऊच नका. तो आधीच पिळून बारीक झालेला असतो. पाठवणाऱ्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, किंवा ड्राइव्हवर टाकायला सांगा.

आवाज मागे-पुढे होतो तेव्हा

ही एरर दिसत नाही. काम शंभर टक्के पूर्ण होतं, सुरुवातीला सगळं ठीक वाटतं, आणि तासाभराने हलगीवाल्याची काठी पडते आधी आणि आवाज येतो नंतर.

कारण मोबाइलचा बदलता फ्रेमरेट. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेतो असं म्हणतो, पण मांडवात उजेड कमी झाला की तो गुपचूप २४, २२ असं खाली येतो आणि उजेडात पुन्हा वर जातो. मीडियाइन्फोमध्ये फ्रेमरेट मोडसमोर 'व्हेरिएबल' दिसलं की समजायचं. डीव्हीडीला घड्याळासारखे २५ हवेत. सॉफ्टवेअरने हिशोब नीट धरला नाही की थोडा थोडा फरक साठत जातो.

उपाय पक्का आहे. अशी प्रत्येक फाइल आधी हँडब्रेकमधून काढा. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट २५ निवडा आणि खाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' वर टिक करा. क्वालिटी चांगली ठेवा, कारण पुढे पुन्हा एकदा एन्कोडिंग होणार आहे. त्या नव्या फाइल डीव्हीडीस्टाइलरमध्ये टाका. दुप्पट वेळ लागतो. तरीही मोबाइलच्या शूटिंगला मी ही पायरी वगळायला कधीच सांगणार नाही.

३० चे २५ करताना काही फ्रेम गाळल्या जातात, त्यामुळे मिरवणुकीत कॅमेरा फिरताना किंचित झटके जाणवतात. ते खटकत असेल तर सगळा प्रोजेक्ट एनटीएससीमध्ये, २९.९७ ला करून बघा. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती वाजवतात. पण ज्या घरी ती डिस्क जाणार आहे तिथे आधी एक छोटी डिस्क लावून बघा, मगच सगळं काम त्यात करा. पुढच्या शूटिंगसाठी मात्र सोपा मार्ग आहे: आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट दाखवण्याची सोय आहे, ती चालू करून २५ फ्रेमला शूट करा. तिथेच एचडीआर (उजेड आणि रंग जास्त टिपणारं सेटिंग) बंद करा. एचडीआरचा व्हिडिओ डीव्हीडीवर आला की शालू फिका आणि चेहरे राखाडी दिसतात, आणि घरचे म्हणतात डिस्क खराब आहे.

बिटरेट, आणि अक्षता पडतानाच काम का अडतं

बिटरेट ठरवायला एक सोपा हिशोब आहे. ६०० ला एकूण मिनिटांनी भागा. जे येईल ते एमबीपीएस. त्यातून आवाजासाठी ०.२ वजा करा. दोन तासांचा कार्यक्रम: ६०० भागिले १२० म्हणजे ५, वजा ०.२, व्हिडिओला ४.८. दीड तास असेल तर साधारण ६.५. एक तासाला १० येईल, पण तिथे थांबा. ८ च्या वर जाऊ नका. नियमात ९.८ बसतं हे खरं, पण घरी राइट केलेली डिस्क त्या वेगाने वाचताना जुने प्लेअर अडखळतात. तीन तासांना येतं जेमतेम ३.१. गर्दीच्या शूटिंगला ते पुरत नाही. चित्राचे चौकोन चौकोन पडतात. तीन तासांचं लग्न असेल तर सरळ दोन डिस्क करा. दुहेरी थराची ८.५ जीबीची डिस्क येते, पण ती महाग असते आणि जुने प्लेअर थर बदलताना अडकतात.

तुमचं काम दर वेळी एकाच जागी अडतंय आणि लॉगमध्ये 'बफर अंडरफ्लो' दिसतंय, असं झालं तर ती जागा व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडून बघा. काय दिसतं? गड्ड्याचं शूटिंग असेल तर बहुधा संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा: पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं, प्रत्येकाचा हात वर आणि हवेत एकाच वेळी उडालेल्या अक्षता. किंवा होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम. एमपेग-२ जागा वाचवतं ते मागच्या फ्रेममधलं चित्र पुढच्या फ्रेममध्ये पुन्हा वापरून. व्यासपीठावर कोणी भाषण करत असेल तर मागचा पडदा तोच राहतो, हलतात फक्त ओठ. पण अक्षता उडाल्या की पडद्यावरचा ठिपका न् ठिपका बदलतो, मागचं काहीच वापरता येत नाही आणि डेटा एकदम फुगतो.

प्लेअरमध्ये या डेटासाठी एक छोटीशी टाकी असते, २२४ केबीची. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या शहरात टाकीचा हिशोब कोणाला समजावून सांगायला नको: येणारा प्रवाह ठरलेला, आणि घरातले सगळे नळ एकदम सोडले की टाकी कोरडी. डिस्कवरून डेटा ठरावीक वेगानेच येतो. अक्षतांच्या त्या पाच सेकंदांत लागणारा डेटा त्याहून जास्त झाला की हिशोब चुकतो आणि सॉफ्टवेअर तक्रार करतं.

म्हणून इथे सरासरी बिटरेट वाढवून उपयोग होत नाही, कमाल बिटरेट खाली आणावा लागतो. ८ किंवा ७.५ वर बांधा, सरासरी ५ च्या आसपास ठेवा. एफएफएमपेग थेट वापरता येत असेल तर त्यात 'पाल-डीव्हीडी' नावाचं तयार टार्गेट आहे. ते दिलं की माप, फ्रेमरेट, ४८ किलोहर्ट्झ, एसी३ आवाज आणि टाकीचा आकार सगळं एकदम बरोबर लागतं. त्यात सरासरी ६ आणि कमाल ९ असते, तेवढी कमाल हाताने खाली करा. मूळ चित्रात फार बारीक रवाळपणा असेल, रात्रीच्या शूटिंगमध्ये तो असतोच, तर हँडब्रेकमधून काढतानाच डीनॉइज हलकं लावा. रवा गेला की डेटाचं ओझं बरंच उतरतं आणि टीव्हीवर चित्रही स्वच्छ दिसतं.

ऑथरिंगच्या वेळी

एन्कोडिंग पूर्ण झालं आणि 'एससीआर मूव्ह्ज बॅकवर्ड्स, रीमल्टिप्लेक्स इनपुट' असं आलं, तर चित्र-आवाज बांधताना वेळेचे शिक्के उलटसुलट झालेत. दोन फाइल नुसत्या एकापुढे एक चिकटवल्या असतील, किंवा टीव्ही कार्डवरून, जुन्या कॅमेऱ्यातून तयार एमपेग-२ आणून 'कॉपी' म्हणून टाकली असेल तर हे होतं. त्या टायटलच्या सेटिंगमध्ये कॉपी बदलून पाल करा, म्हणजे सॉफ्टवेअर ती पुन्हा एन्कोड करेल. थोडा वेळ जातो, कटकट संपते.

जुन्या कॅसेटवरचं ४:३ आणि नवं १६:९ एकाच टायटलसेटमध्ये टाकू नका. दोन वेगळे टायटलसेट करा. कॅसेटवरून घेतलेल्या डीव्ही फाइलमध्ये फील्डचा (एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांचा) क्रम खालची ओळ आधी असा असतो. तो उलटा लागला तर कॉम्प्युटरवर काही कळत नाही, टीव्हीवर मात्र माणसं थरथरत चालतात.

मेनूत मराठी लिहिताना जोडाक्षरं तुटतात, 'श्री' चा 'श्‌ री' होतो. यावर सोपा तोडगा म्हणजे मेनूचं पूर्ण चित्र दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरांसकट तयार करून पार्श्वभूमी म्हणून लावणं, आणि बटणं त्यावर रिकामी ठेवणं. अक्षरं कडेला नेऊ नका. जुना डबा टीव्ही चारही बाजूंनी थोडं चित्र कापतो.

राइट करताना

डीव्हीडीस्टाइलरमधून थेट राइट करू नका. आयएसओ बनवा, ती व्हीएलसीमध्ये उघडून मेनू, चॅप्टर आणि आवाज बघा, मग इमगबर्नमधून राइट करा. असं केलं की एन्कोडिंगचा दोष आणि डिस्कचा दोष कायमचे वेगळे होतात. आयएसओ नीट चालतेय आणि डिस्क चालत नाही, म्हणजे एन्कोडिंगच्या सेटिंगला हात लावायची गरज नाही.

४.७ जीबीची डिस्क विंडोजला ४.३७ दिसते, दोन्ही आकडे खरे आहेत. मोजायची रीत वेगळी. आयएसओ ४.३ च्या आत ठेवा. डिस्कवर १६ एक्स लिहिलेलं असलं तरी ४ किंवा ८ एक्सला राइट करा. व्हेरिफायवरची (लिहिलेलं पुन्हा वाचून तपासण्याची) टिक काढू नका. बाहेरून लावायचा रायटर असेल तर यूएसबी हबला किंवा डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला जोडू नका. तिथे वीज कमी पडते आणि राइट ऐन शेवटी फेल होतं. मागच्या पोर्टला थेट लावा. जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर घेतलेली बरी, आणि रीराइटेबल टाळलेली बरी.

आणखी एक तपासणी. नुसती एमपी४ फाइल डिस्कवर टाकली की ती डेटा डिस्क होते, प्लेअर ती बहुधा ओळखत नाही. तयार डिस्क उघडल्यावर व्हिडिओ-टीएस फोल्डर आणि आत आयएफओ, बीयूपी, व्हीओबी फाइल दिसल्या पाहिजेत. व्हीओबीचे एक-एक जीबीचे तुकडे दिसले तर घाबरू नका, नियमच तसा आहे.

डिस्क ज्या घरी जाणार तिथल्याच प्लेअरवर लावून बघा. सुरुवातीची पाच मिनिटं बघून उठू नका. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे राइटचे दोष बाहेरच्या कडेला, म्हणजे शेवटच्या भागात जास्त सापडतात. शेवटचा चॅप्टर लावून दहा मिनिटं चालू द्या. डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवू नका, तोल जाऊन ती फिरताना थरथरते. सीडी मार्करने नाव आणि तारीख लिहा. आयएसओ आणि मूळ शूटिंग दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवून द्या. दोन वर्षांनी डिस्कवर ओरखडे पडले आणि घरून फोन आला, तर नवी डिस्क घालून ती आयएसओ राइट करायची, एवढंच काम उरतं.